मुंबई ८१

लहानपणी आमच्या घरात रोज सकाळी एक वाक्य ठरलेलं असायचं. बाबा दाराशी बसून बूट चढवता चढवता म्हणायचे, "चला, मुंबईला जाऊन येतो." आता आम्ही राहत होतो कुठे, तर मुंबईतच. निदान पोस्टाच्या हिशोबाने तरी. मुलुंड पूर्व, मुंबई ४०० ०८१. कोकणातून काकाची कार्डं यायची त्यावर तर नुसतं 'मुंबई ८१' लिहिलेलं असायचं आणि ती बिनबोभाट पोचायची. पण बाबांचं ऑफिस फोर्टात, म्हणून ते मुंबईला. लग्नाची साडी घ्यायची तर दादर, म्हणजे मुंबईला. आजीचे डोळे दाखवायला परळ, तेही मुंबईला. सायन ओलांडलं की मुंबई लागते याबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये एकाही बिऱ्हाडाचं दुमत नव्हतं. आणि एरवी ती बिऱ्हाडं पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा भांडायची, हे मुद्दाम सांगते.

१९७६ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून इथे आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. दोन खोल्यांत नऊ माणसं, शेवटी काका-बाबांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि बाबांना परवडेल अशी जागा शोधता शोधता ते थेट हद्दीवर येऊन थांबले. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण संडास घरात. आई त्या संडासावरच फिदा होती. आजी मात्र पहिल्या रात्री झोपलीच नाही. खाडीकडून कोल्हेकुई येत होती, खरीखुरी, तिवरांत कोल्हे होते तेव्हा. पहाटे तिने बाबांना उठवून विचारलं, "अरे, कुठे आणून टाकलंस रे मला? गिरगावात ट्रामच्या आवाजानेसुद्धा माझी झोप मोडली नाही कधी." ट्राम १९६४ सालीच बंद झाली होती. पण आजीच्या गिरगावात ती पुढे मरेपर्यंत चालू राहिली.

आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन. समोर मोकळा प्लॉट, त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि बेडूक, त्यापलीकडे थोडी बैठी घरं, मग ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, आणि हायवेच्या पलीकडे मिठागरं. नुसतं आगर म्हणायचे सगळे. गच्चीवरून बघितलं की चौकोन चौकोन आखलेली वही उघडून ठेवल्यासारखं दिसायचं, काही चौकोन आभाळाच्या रंगाचे, काही पांढरे, आणि त्याच्या मागे खाडी. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे दिवे. ऐरोलीचा पूल व्हायला अजून वीसेक वर्षं होती, त्यामुळे ते दिवे म्हणजे आमच्यासाठी परदेश.

रेल्वेच्या त्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, सगळं वेगळं होतं. तिकडे आखीव रस्ते, पाच रस्त्याचा चौक, थिएटर, मोठी दुकानं, आणि आग्रा रोडला लागून कारखाने. त्याचं नाव एलबीएस मार्ग झालं तरी आजीच्या पिढीला तो आग्रा रोडच. हेक्स्ट, जॉन्सन, पुढे भांडुपला सीएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे काका यातल्या कुठल्या ना कुठल्या गेटातून आत जायचे. शिफ्टचे भोंगे वाऱ्याची दिशा बरोबर असली की पूर्वेलाही ऐकू यायचे आणि आई त्यावर कुकर लावायची. कारखान्यातल्या काकांची मुलं म्हणायची आमचे बाबा कंपनीत जातात, मी म्हणायचे माझे बाबा मुंबईला जातात. त्यात जरा तोरा असायचा, खोटं कशाला बोलू.

आजीचा मुंबईशी एक हिशोब चालू असायचा. लाइट गेले की तो सुरू व्हायचा. मुलुंड-भांडुपला वीज एमएसईबीची, म्हणजे राज्याची. गिरगावात बेस्टची. (अजूनही तसंच आहे, मुंबईत राहून आम्हाला महावितरणचं बिल येतं, नवीन भाडेकरूंना हे सांगितलं की खरं वाटत नाही.) तर लाइट गेले की सगळ्या बिल्डिंगमधून एकदम "ओऽऽऽ" असा आवाज निघायचा, आम्ही पोरं गच्चीवर पळायचो, आणि आजी अंधारात कंदिलाची काच पदराने पुसत म्हणायची, "गिरगावात नव्हतं हो असं." पाणी कमी दाबाने आलं, गिरगावात नव्हतं असं. डास चावले, तेच. एकदा बाबा वैतागून म्हणाले, "आई, तुझ्या त्या गिरगावच्या नळाचं पाणी येतं कुठून माहितेय? तानसाहून. आणि तो पाइप जातो कुठून? आपल्या मुलुंडातून." रविवारी तिला रिक्षात घालून पश्चिमेला नेऊन तो पाइप दाखवलासुद्धा. माणूस उभा राहील एवढा जाडजूड, काळा. आजीने त्याला हात लावला, थंड आहे म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "म्हणजे आपल्या अंगणातून जातं आणि आपल्यालाच नाही. शहाणेच आहात तुम्ही."

तेव्हा हसलो होतो. पण नंतर बघितलं तर बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं. मुंबईला जे काय लागायचं ते आमच्या दारावरून जायचं. १९५७ साली मुंबईची हद्द वाढवत वाढवत मुलुंडपर्यंत आणली, आणि हद्द आली म्हणजे जकात नाका आला. हायवेवर आनंदनगरला एक, आग्रा रोडवर एक. नाशकाकडून कांदे, भाजी, कुठून कुठून लोखंड, कापडाच्या गाठी, सगळे ट्रक तिथे ओळीने उभे. ड्रायव्हर लोक खाली उतरून स्टोव्ह पेटवून भाकऱ्या-रोट्या भाजत बसलेले, टायरला टेकून कोणी दाढी करतोय. सायकल शिकलो त्या वर्षी आमचा खेळच हा होता, नाक्यापर्यंत जायचं आणि ट्रकच्या नंबरावरून राज्य ओळखायचं. दादा पंजाब आणि हरियाणात हमखास चुकायचा. आणि मुंबईला जे नको असायचं तेही आमच्याकडेच यायचं. कचऱ्याचे डंपर हायवेलगतच्या डंपिंग ग्राउंडवर. वारा त्या अंगाने फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, पाहुणे असतील तर उदबत्ती. ते ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, त्याच्या आदल्या वर्षी जकातही गेली.

दूध आरेचं, काचेच्या बाटलीत. पहाटे केंद्रावर लाइन, तारेच्या जाळीत दोन बाटल्या, दुधाचं कार्ड हरवलं तर घरात प्रलय. यात नवीन काही नाही, माझ्या वयाच्या सगळ्यांनी हे शंभरदा लिहून झालंय. माझी आठवण झाकणांची आहे. चंदेरी पत्र्याची ती पातळ झाकणं आई धुवून, नखाने सपाट करून, एका डालड्याच्या डब्यात साठवायची. वर्षभराची झाकणं गणपतीच्या मखराला. मधोमध घडी घालून दोऱ्यात ओवली की अशी काही चमकायची, पण कितीही धुतली तरी दुसऱ्याच दिवशी गणपतीच्या मागून आंबूस वास यायला लागायचा. आमचा म्हणून दीड दिवसाचा गणपती. हे कारण आई देते, आजीच्या मते ते आधीपासूनच होतं.

टीव्ही आमच्याकडे आला १९८१ मध्ये, सरकत्या लाकडी दारांचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्याआधी तळमजल्यावरच्या काकूंकडे शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर, जमिनीवर मांडी घालून. तर टीव्ही आला आणि अँटेना गच्चीवर लागला. वरळीला दूरदर्शनचा मनोरा, म्हणून बिल्डिंगमधले सगळे अँटेने वरळीकडे तोंड करून उभे, बाराच्या बारा, जणू आज्ञा झाल्यासारखे. आगरावरून येणारं खारं वारं त्यांना खायचं. दोन पावसाळे गेले की नळ्या पोखरायच्या, नट गंजून जॅम व्हायचे, चित्राला मुंग्या यायच्या. मग दादा वर, मी जिन्यात, आई टीव्हीपाशी. "आलं का?" "आलं!" "गेलं!" आई दर दिवाळीआधी दादाला रॉकेलचं फडकं देऊन अँटेना पुसायला पाठवायची, रेशनचं निळं रॉकेल, तेसुद्धा लाइन लावून आणलेलं, आणि आजी म्हणायची देव पुसा आधी. सायकल, खिडक्यांचे गज, कुलपं, शिलाई मशिनचं चाक, आमच्या घरात लोखंडाची अशी वस्तू नव्हती जिला आईने कधी ना कधी रॉकेल लावलं नाही.

गिरगावात आत्या राहायची, तिचे यजमान लोअर परळला गिरणीत. वर्षातून दोनदा आम्ही तिच्याकडे जायचो. आतेभाऊ माझ्याहून वर्षाने मोठा आणि महा आगाऊ. आम्ही जिना चढलो की वरून ओरडायचा, "आई, गाववाले आले." तुमच्याकडे साप घरात येतात ना, तुमच्याकडे डबल डेकर नाही ना. आई त्यांच्यासाठी खडेमीठ न्यायची, आत्याला लोणच्याला लागायचं तसं जाडं. एकदा पावसात पिशवी भिजली आणि लोकलमध्ये वरच्या फळीवरून खाली बसलेल्या एका माणसाच्या पांढऱ्या पँटवर टिपटिप टिपटिप गळत राहिली. त्याला वाटलं डबा छतातून गळतोय. तो दोनदा जागा बदलून बसला, आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत बसलो, घाटकोपर ते भायखळा.

मग १९८२ उजाडलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आधी सगळे म्हणत होते महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मार्चमध्ये आत्याच्या यजमानांनी बायकोच्या बांगड्या ठेवल्या, एप्रिलमध्ये ते सावंतवाडीकडे गावी गेले शेतात काही होतंय का बघायला, आणि परीक्षा संपल्यावर आतेभाऊ आमच्याकडे आला, सुट्टीपुरता म्हणून. एक ट्रंक घेऊन. सुट्टीला कोणी ट्रंक घेऊन येत नाही हे मलाही कळत होतं, अकरा वर्षांची होते. आजीने त्याला जवळ घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने गिरगावचं नाव काढलं नाही.

त्याच मेमध्ये आम्ही आगरात गेलो. हायवे ओलांडायची सक्त मनाई होती, म्हणून दुपारी, सगळे झोपल्यावर. दादा, आतेभाऊ, मी. बांधावरून चालत गेलो. लांबून पाटीसारखं सपाट दिसणारं सगळं जवळ गेल्यावर भलतंच निघालं. भरतीचं पाणी बांधातल्या फळ्या काढून आत घेतात, आधी मोठ्या तळ्यात, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, दर ठिकाणी ऊन पाणी पिऊन घेतं आणि उरलेलं जास्त खारट होत जातं. शेवटच्या वाफ्यात पाणी असतं जेमतेम बोटभर, गुलाबीसर, आणि त्यावर दुधावर साय धरते तशी पातळ साय धरलेली. मी वाकून बोट लावलं तर ती साय मोडली आणि तिचे तुकडे खाली बसले. तीच मीठ. मला कोणी सांगितलं नव्हतं की मीठ असं डोळ्यांदेखत होतं. मला वाटायचं ते समुद्राच्या तळाशी पडलेलं असतं आणि काढतात.

एक म्हातारासा माणूस लांब दांड्याच्या लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ कडेला ओढत होता. खर्र, खर्र. चिखल न उचलता नुसतं वरचं मीठ ओढायचं, त्याचा हात असा हलका चालला होता की आई रांगोळी सारखी करते तसा. पायाच्या भेगांत मीठ बसून त्या पांढऱ्या रेघा झालेल्या. दादाची चप्पल बांधाखालच्या चिखलात गेली ती गेलीच, ती काढायला गेला तर नडगीला शंख लागून कापलं आणि मग खारं पाणी लागल्यावर तो जो नाचलाय. म्हातारा हसत हसत आला. मातीच्या मडक्यातलं गोडं पाणी त्याच्या पायावर ओतलं. प्यायचं पाणी होतं ते, लांबून आणलेलं.

कुठली पोरं रे तुम्ही, म्हणाला. दादा बिल्डिंगकडे हात करणार तेवढ्यात आतेभाऊ म्हणाला, "मी मुंबईचा."

"मुंबईचा?" म्हातारा फळीवर टेकला. तो डहाणूकडचा, दिवाळी झाली की बायकापोरांसकट यायचा आणि पाऊस लागला की परत. किती वर्षं येतोय विचारलं तर त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. "कशी हाय मुंबई? मी नाय पाहिली अजून."

आतेभाऊ सांगायला लागला. डबल डेकर, राणीचा बाग, व्हीटी स्टेशनची घड्याळं. भराभरा बोलत होता, संपलं तर काहीतरी होईल असं. शेवटी म्हणाला, "आणि चौपाटी आमच्या घरापासून चालत. एवढा मोठा समुद्र."

म्हाताऱ्याने वाफ्याकडे बघितलं. "हा काय मंग?"

त्यावर काय बोलणार. आम्ही तिघंही त्या बोटभर पाण्याकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, मग बाप काय करतो मुंबईला, आणि आतेभाऊ म्हणाला, गिरणीत आहे. 'आहे' म्हणाला. निघताना म्हाताऱ्याने आमच्या हातावर एकेक मोठा खडा ठेवला, साखरेच्या खड्यासारखा पैलूदार. घरी आल्यावर दादाने एका चपलेचा मार खाल्ला, उरलेल्या चपलेचा.

आतेभाऊ जूनमध्ये आमच्याच शाळेत सातवीत बसला. संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही असं म्हणतात, गिरण्या मात्र संपल्या. आत्याचे यजमान परत कामावर गेले नाहीत. आतेभाऊ दहावीपर्यंत आमच्याकडेच राहिला, कॉटखाली ट्रंक, गच्चीवर झोप. पोस्टकार्डावर पत्ता घालताना तो 'मुंबई' असं मोठ्ठं लिहायचा आणि ८१ बारीक. गणपतीत गिरगावला जाताना बाबांसारखाच बूट चढवता चढवता म्हणायला लागला होता, चला, मुंबईला जाऊन येऊ. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा स्वतःच थबकला. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

आता मी घोडबंदर रोडला राहते, म्हणजे नाक्याच्या पलीकडे, म्हणजे आजीच्या भाषेत मुंबई सुटली. आई त्याच तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, पुढच्या महिन्यात सगळ्यांना जागा खाली करायची आहे. परवा बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट निवडायला तिला घेऊन गेले होते. एसी, काचेचं टेबल, त्यावर बावीस मजल्यांचं मॉडेल, एवढ्याशा झाडांसकट. एक चुणचुणीत मुलगा टॅबवर चित्रं दाखवत होता. आजी, या साइडच्या फ्लॅटना क्रीक व्ह्यू आहे, समोर सगळं ओपन, सॉल्ट पॅन लँड आहे ना, अठराव्या मजल्यावरून तर अप्रतिम, जुन्या मेंबरांना चॉइस आहे. चित्रात पाणी निळंशार होतं, चौकोन कुठे दिसत नव्हते.

आई चश्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडते की काय.

"आगराकडची नको," ती त्याला म्हणाली. "अँटेना गंजतो."